योआखिम झाउअर आणि झिओलाइटमधला प्रोटॉन

वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यातल्या इंधन इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीत शेवटच्या टप्प्याला एमएसडीएच, म्हणजे स्पिरिटमधलं उरलेलं पाणी काढणारा, प्लांट असतो. रेक्टिफाइड स्पिरिट नुसत्या ऊर्ध्वपातनाने साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे सरकत नाही, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मात्र साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा वर लागतं. म्हणून स्पिरिटची वाफ करून ती आणखी तापवतात आणि ३ए जातीच्या झिओलाइटच्या, म्हणजे सूक्ष्म छिद्रं असलेल्या स्फटिकाच्या, मण्यांनी भरलेल्या उभ्या टाकीतून सोडतात. मण्यातल्या छिद्राचं तोंड सुमारे ३ अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा बाहेर राहतो. एक टाकी पाणी धरत असते तेव्हा दुसरी निर्वाताखाली वाळत असते. वाफ नीट तापलेली नसेल आणि तिच्याबरोबर थेंब आत गेले, तर मणी तडकतात, त्यांची भुकटी होते आणि पुढचे फिल्टर चोंदतात. डिस्टिलरीतल्या माणसांना हे सांगायची गरज नाही.

झिओलाइट हे अख्खं कुळ आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट त्यातलेच. रिफायनरीत जड तेलाचं पेट्रोल करणारा उत्प्रेरकही झिओलाइटच, वाय जातीचा. म्हणजे मिरजेच्या पंपावर गाडीत पडणारं इथेनॉल आणि पेट्रोलचा बराच भाग, दोन्ही झिओलाइटला भेटून आलेले असतात.

या घन पदार्थात एक प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, नेमका काय करतो, याचं गणित मांडण्यात ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं घालवली, त्यांत बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ योआखिम झाउअर अगदी पुढच्या फळीत आहेत. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव आलं ते ‘अँगेला मर्केल यांचे पती’ एवढ्याच ओळखीने. मर्केल २२ नोव्हेंबर २००५ ते ८ डिसेंबर २०२१ जर्मनीच्या चॅन्सेलर होत्या, तेव्हा ती ओळख स्वाभाविकच होती. पण रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा माणूस त्याच्या कामावरून ओळखावा असं मला मनापासून वाटतं. सत्तेच्या इतक्या जवळ राहून अभ्यासाची घडी अजिबात न विस्कटलेली अशी कारकीर्द क्वचित पाहायला मिळते.

झाउअर यांचा जन्म १९ एप्रिल १९४९ चा, पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातल्या होझेना गावचा. हा लिग्नाइट कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९६७ ते १९७२ बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात रसायनशास्त्र, १९७४ मध्ये डॉक्टरेट, म्हणजे वयाच्या पंचविशीत. १९७७ मध्ये ते पूर्व जर्मनीच्या विज्ञान अकादमीच्या भौतिक रसायनशास्त्र संस्थेत गेले. ही संस्था बर्लिनच्या आडलर्सहोफ उपनगरात होती. १९८५ मध्ये त्यांचं हॅबिलिटेशन झालं. डॉक्टरेटनंतरचा हा दुसरा मोठा टप्पा. जर्मनीत प्राध्यापकपदाची वाट पूर्वापार त्यातूनच जात आली आहे. झाउअर सत्ताधारी पक्षाचे सदस्य नव्हते. त्या देशात पदोन्नती आणि परदेशप्रवास दोन्हींवर पक्षाची नजर असे, त्यामुळे इतकं काम करूनही त्यांची प्रगती अकादमीच्या भिंतीआड राहिली.

त्याच संस्थेत १९७८ मध्ये लाइपझिगहून भौतिकशास्त्र शिकून आलेली एक तरुणी रुजू झाली. अँगेला मर्केल. मर्केल हे आडनाव त्यांच्या पहिल्या पतीचं, तेही भौतिकशास्त्रज्ञच. ते लग्न १९८२ मध्ये संपलं, आडनाव राहिलं. त्यांचा डॉक्टरेटचा विषय होता हायड्रोकार्बनमधला एकेरी बंध तुटण्याचा वेग क्वांटम केमिस्ट्री (इलेक्ट्रॉनच्या वागण्यावरून रेणूचं गणित मांडणारी शाखा) आणि सांख्यिकीच्या आधारे काढणं. १९८६ च्या त्या प्रबंधात हस्तलिखित चिकित्सकपणे वाचून दिल्याबद्दल झाउअर यांचे आभार मानलेले आहेत. १९८८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या एका रसायन-नियतकालिकात चौघांच्या नावाने एक शोधनिबंध आला: मिक्स, झाउअर, श्र्योडर आणि मर्केल. विषय होता पृष्ठभागावरच्या ओएच गटांची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांची, कंपनं. पुढे देश चालवणाऱ्या व्यक्तीचं नाव अशा निबंधावर आहे हे आपल्याकडच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. त्याच प्रकारचं एक गणित सांगलीत बसून करता येतं, त्याकडे शेवटी येतो.

पश्चिमेकडून पूर्वेच्या देशांत ताकदीचे संगणक पाठवायला त्या काळी बंदी होती. मोठा संगणक हाताशी नसला की मॉडेल लहान आणि नेमकं निवडावं लागतं. अख्ख्या स्फटिकातून कोणता तुकडा कापायचा, कापलेल्या टोकांचं काय करायचं, त्या तुकड्याचं उत्तर स्फटिकाला कितपत लागू पडतं, हे प्रश्न टाळताच येत नाहीत. झाउअर यांनी १९८९ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये घन पदार्थ आणि पृष्ठभागांसाठी रेणवीय मॉडेलं कशी वापरावीत यावर एक विस्तृत आढावा लिहिला. बर्लिनची भिंत पडण्याआधीच्या पूर्व बर्लिनमध्ये लिहिलेला हा लेख आजही वाचनीय आहे, आणि माझ्या मते पुढची सगळी झेप त्याच लेखातल्या शिस्तीवर उभी आहे.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली तेव्हा झाउअर चाळीस वर्षांचे होते. १९९०-९१ मध्ये ते अमेरिकेत सॅन डिएगोला बायोसिम या रेणवीय सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत वर्षभर होते. इकडे १९९१ अखेर पूर्व जर्मन अकादमीच्या संस्था बंद झाल्या आणि हजारो संशोधकांना नवी जागा शोधावी लागली. झाउअर १९९२ मध्ये माक्स प्लांक सोसायटीने बर्लिनमध्ये सुरू केलेल्या क्वांटम केमिस्ट्री गटाचे प्रमुख झाले आणि १९९३ मध्ये हुंबोल्ट विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक. त्याच तीन-चार वर्षांत मर्केल प्रयोगशाळा सोडून राजकारणात गेल्या, १९९१ च्या जानेवारीत केंद्रात मंत्री झाल्या, १९९४ मध्ये पर्यावरणमंत्री. एका घरातली दोन माणसं एकाच वेळी आपापलं आयुष्य नव्याने मांडत होती. ३० डिसेंबर १९९८ ला त्यांनी गाजावाजा न करता नोंदणी पद्धतीने लग्न केलं.

जर्मनीत चॅन्सेलरच्या जोडीदाराला घटनेत स्थान नाही, पद नाही, पगार नाही. झाउअर यांनी या मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग केला. २००५ च्या शपथविधीला ते संसदेत गेले नाहीत, दूरचित्रवाणीवर पाहिला. चौथ्या शपथविधीला, मार्च २०१८ मध्ये, ते पहिल्यांदा प्रेक्षक सज्जात बसले. संशोधनाबाहेरच्या विषयावर मुलाखत द्यायची नाही हा त्यांचा सर्वसाधारण दंडक होता. बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवाला दोघं नेमाने जात, तेवढंच छायाचित्रकारांच्या हाती लागे. म्हणून जर्मन पत्रकारांनी त्यांना ऑपेरातल्या भुताची उपमा दिली. अर्थात जिथे यजमान म्हणून उभं राहणं गरजेचं होतं, तिथे ते उभे राहिले. २००७ च्या जी-८ देशांच्या हायलिगेनडाम शिखर परिषदेत पाहुण्या नेत्यांच्या जोडीदारांचा कार्यक्रम त्यांनीच सांभाळला.

महाराष्ट्रातलं याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे अमरावतीचे देवीसिंह शेखावत. तेही रसायनशास्त्रात डॉक्टरेट झालेले, शिक्षणक्षेत्रातले. १९६५ मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्याशी विवाह झाला आणि २००७ ते २०१२ ते राष्ट्रपतींचे पती म्हणून राष्ट्रपती भवनात होते. पण शेखावत स्वतः राजकारणात उतरले: १९८५ मध्ये आमदार, पुढे अमरावतीचे महापौर. आपल्याकडे नेत्याच्या घरातल्या माणसाने संस्था, कारखाना, पालिका यांपैकी काही सांभाळावं ही अपेक्षाच असते, आणि सातारा-सांगलीत तर ती अंमळ जास्त. शेखावतांनी ती निभावली, त्यात कमीपणा काही नाही. झाउअर यांनी मात्र वर्गात शिकवणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणं आणि निबंध लिहिणं हा क्रम २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तसाच ठेवला. १९९९ ते २०११ या काळात संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडवर बर्लिनमधल्या अनेक गटांचा एक मोठा संयुक्त प्रकल्प चालला, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. म्हणजे पत्नी विरोधी पक्षनेत्या आणि मग चॅन्सेलर झाल्या तो काळ या प्रकल्पाच्या ऐन मध्यावरचा.

आता मूळ रसायनाकडे. झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडणारा. एका सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसवला की त्याची संयुजा चारऐवजी तीन असल्याने सांगाड्यावर एक ऋण प्रभार उरतो. तो भागवायला सोडियम बसतो, नाहीतर पोटॅशियम. डिस्टिलरीतल्या ३ए मध्ये पोटॅशियम आहे आणि छिद्राचं तोंड आवळण्याचं काम तोच करतो. त्याऐवजी प्रोटॉन बसवला तर तो सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामधल्या ऑक्सिजनवर जाऊन बसतो आणि घन पदार्थ तीव्र आम्ल बनतो. मिथेनॉलपासून हायड्रोकार्बन करणारा एच-झेडएसएम-५ असाच. त्याच्या एकक कोष्ठात, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या मूळ तुकड्यात, सिलिकॉन किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठी ९६ चतुष्फलकी जागा आणि १९२ ऑक्सिजन, म्हणजे २८८ अणू. वर प्रत्येक अ‍ॅल्युमिनियममागे एक प्रोटॉन. ९६ जागांत १२ प्रकार वेगळे, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम कुठल्या प्रकारच्या जागी बसलाय हाही एक प्रश्नच.

हे आम्ल किती तीव्र? द्रावणासारखा पीएच मोजता येत नाही. म्हणून प्रोटॉन पूर्णपणे काढून अनंतावर न्यायला किती ऊर्जा लागेल ते काढतात. झिओलाइटसाठी हा आकडा मोलमागे १२०० किलोज्यूलच्या आसपास येतो. झाउअर यांच्या गटाने नव्वदच्या दशकात हा आकडा वेगवेगळ्या झिओलाइटसाठी तुलना करण्याजोगा काढून दाखवला. त्यासाठी त्यांनी सक्रिय जागेभोवतीचा तुकडा क्वांटम पद्धतीने आणि बाकीचा स्फटिक साध्या विभवफलनांनी (अणूंच्या जागांवरून ऊर्जा देणाऱ्या सूत्रांनी) हाताळला. तुकडा एकटा मोजला तर प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या ऋण प्रभाराला दूरच्या स्फटिकाकडून मिळणारा आधार हिशेबात येत नाही, आणि एका झिओलाइटची दुसऱ्याशी केलेली तुलना फसते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. प्रोटॉनजवळ पाण्याचा एक रेणू आला तर हायड्रोनियम आयन (प्रोटॉन घेतलेला पाण्याचा रेणू) बनतो का? अवरक्त वर्णपटात २९०० आणि २४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसणारे रुंद पट्टे काही प्रयोगकर्ते हायड्रोनियमचे मानत. गणिताने वेगळं सांगितलं: एकटा रेणू हायड्रोजन बंधाने चिकटून राहतो, प्रोटॉन सांगाड्यावरच राहतो, ते पट्टे म्हणजे जोरदार हायड्रोजन बंधात अडकलेल्या ओएच कंपनाची दुसऱ्या कंपनाच्या द्विगुणित वारंवारतेशी झालेली गाठ. पाण्याचे दोन किंवा जास्त रेणू जमले की मात्र प्रोटॉन त्यांच्याकडे जाऊ शकतो. प्रयोगाचा अर्थ गणिताने दुरुस्त करून दिल्याचं हे एक सुंदर उदाहरण, आणि विद्यार्थ्यांना झाउअर यांची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

मोठी अडचण आहे अचूकतेची. ३५० अंश सेल्सिअसला अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्याच्या ऊर्जेत २५ किलोज्यूलची चूक झाली तर अभिक्रियेचा वेग शंभरपटीहून जास्त चुकतो. चूक ४ किलोज्यूलवर आणली तर वेग दुपटीच्या आसपास चुकतो, आणि तेवढं चालतं. नेहमीच्या डीएफटीत (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीत), विशेषतः तिच्या पीबीई सारख्या फलनात, दोन दोष असतात. अडथळे कमी दिसतात, कारण इलेक्ट्रॉन स्वतःशीच प्रतिकर्षण करतो ती चूक पूर्ण कटत नाही. शिवाय छिद्राच्या भिंती आणि आतला हायड्रोकार्बन यांच्यातलं व्हॅन डर वाल्स आकर्षण सुटतं. इथीन, प्रोपीन, ब्यूटीन अशी साखळी वाढत जाते तसं ते आकर्षण वाढतं, म्हणून साखळीनुसार अडथळा कसा बदलतो हेच डीएफटी चुकवते. यावर एमपी२ आणि तिच्याहून अचूक सीसीएसडी(टी) अशा पद्धती आहेत, पण त्यांचा खर्च पाहा. अणू दुप्पट केले की डीएफटीचा वेळ साधारण ८ पट, एमपी२ चा ३२ पट, आणि सीसीएसडी(टी)चा १२८ पट. २८८ अणूंवर शेवटची पद्धत चालवणं व्यवहारात शक्य नाही.

झाउअर यांच्या गटाचा मार्ग असा. आधी पूर्ण स्फटिक डीएफटीने, व्हॅन डर वाल्स दुरुस्तीसह, शिथिल करून घ्यायचा, म्हणजे अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी बसू द्यायचे. मग सक्रिय जागेभोवतीचा तुकडा कापायचा आणि तुटलेल्या बंधांच्या टोकांना हायड्रोजन लावायचे. त्या तुकड्याची ऊर्जा एमपी२ ने काढायची, डीएफटीनेही काढायची, आणि दोन्हींतला फरक पूर्ण स्फटिकाच्या डीएफटी ऊर्जेत मिळवायचा. तुकडा मोठा करत न्यायचा आणि फरक स्थिरावतोय का ते पाहायचं. शेवटी अगदी लहान तुकड्यावर सीसीएसडी(टी) आणि एमपी२ यांतला फरक काढून तोही मिळवायचा. वजाबाकी करण्यात एक शहाणपण आहे: टोकाला लावलेल्या खोट्या हायड्रोजनची चूक दोन्ही पद्धतींत जवळपास सारखी असल्याने बरीचशी कटून जाते. इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला घेतलेला मूलभूत फलनांचा संच अपुरा असला तर दोन रेणू एकमेकांची फलनं उसनी घेतात आणि आकर्षण फुगून दिसतं. ती दुरुस्ती विसरली तर वरची सगळी मेहनत वाया. याच मार्गाने काढलेले मिथेनॉलकडून अल्कीनच्या मेथिलीकरणाचे अडथळे प्रयोगाशी जवळून जुळले. नंतर त्यांच्या गटाने एन्ट्रॉपीकडे, म्हणजे रेणूच्या हालचालीच्या मोकळिकीच्या मापाकडे, लक्ष वळवलं. छिद्रात सैल फिरणाऱ्या रेणूची हालचाल साध्या स्प्रिंगसारखी धरली तर एन्ट्रॉपी चुकते, म्हणून त्या मंद कंपनांसाठी विभवाचा खरा वक्र काढून हिशेब करावा लागतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये झाउअर विद्यापीठातल्या पदावरून निवृत्त झाले, पण संशोधन आणि प्रकाशन थांबलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलांना यातलं थोडं स्वतः करून पाहता येतं. रेणू रचून पाहायचं सॉफ्टवेअर अ‍ॅव्होगॅड्रो मोफत आहे आणि गणित करणारं ओर्का शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं. साधा लॅपटॉप पुरतो. सर्वांत लहान मॉडेल दहा अणूंचं: मधे ऑक्सिजन, त्याला एक हायड्रोजन, एका बाजूला सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम, आणि त्या दोघांच्या मोकळ्या बंधांना तीन-तीन हायड्रोजन. प्रभार ०, मल्टिप्लिसिटी १ (म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने). बी३एलवायपी हे डीएफटीचं फलन वापरा, मूलभूत फलनांचा संच डेफ२-टीझेडव्हीपी. भूमिती शिथिल करून लगेच वारंवारता काढा. एकही ऋण वारंवारता दिसता कामा नये. दिसलीच तर त्या दिशेने अणू थोडे हलवून पुन्हा शिथिल करा. आता ओएच हायड्रोजन काढा, प्रभार −१ करा, मल्टिप्लिसिटी १ च ठेवा, संचात डिफ्यूज (दूरवर पसरलेली) फलनं घाला आणि पुन्हा शिथिल करा. तीच फलनं आधीच्या तटस्थ मॉडेललाही घालून तेही गणित पुन्हा करायला हवं, नाहीतर वजाबाकी दोन वेगळ्या मापांतली होईल. फरक हार्ट्री या एककात येतो, त्याला २६२५.५ ने गुणा, म्हणजे मोलमागे किलोज्यूल मिळतील. प्रोटॉनला इलेक्ट्रॉन नसल्याने त्याची स्वतःची इलेक्ट्रॉनिक ऊर्जा शून्य धरायची, इथे बरेच जण अडखळतात. शून्यबिंदू ऊर्जेची (कंपनांच्या किमान ऊर्जेची) दुरुस्ती केली की आकडा साधारण ३० किलोज्यूलने उतरतो.

ओएच ताणाची वारंवारता पाहा. एच-झेडएसएम-५ मध्ये प्रयोगात ती ३६१० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते, गणितात शे-दीडशेने जास्त येईल. यातला मोठा भाग ओएच बंध ताणताना स्प्रिंगसारखा वागत नाही यामुळे असतो. १९८८ च्या त्या चौघांच्या निबंधाचा विषय नेमका हाच अप्रसंवादीपणा. तो पडताळायचा तर ओ–एच अंतर ०.८ पासून १.४ अँगस्ट्रॉमपर्यंत ०.०५ च्या पायरीने बदला, प्रत्येक ठिकाणी ऊर्जा काढा आणि मिळालेल्या वक्राला मॉर्स फलन (बंध ताणताना ऊर्जा कशी बदलते याचं सूत्र) बसवा.

मग अ‍ॅल्युमिनियमभोवती चारही ऑक्सिजन आणि चार सिलिकॉन असलेलं मॉडेल घ्या. इथे प्रोटॉन वाकून शेजारच्या ऑक्सिजनकडे जातो आणि तुकडा स्वतःभोवती गुंडाळतो. खऱ्या स्फटिकात त्याला तशी मुभा नसते. टोकाचे हायड्रोजन स्फटिकातल्या बंधांच्या दिशेने गोठवा, म्हणजे आकार टिकेल. यानंतर पाण्याचा एक रेणू प्रोटॉनजवळ ठेवा, मग दुसरा, आणि प्रत्येक वेळी ओ–एच अंतर नोंदवा. दोन रेणू ठेवूनही प्रोटॉन सांगाड्यावरच राहिला तर गणित चुकलं असं लगेच समजू नका. एवढ्या लहान तुकड्यात विलग झालेल्या प्रभारांना सावरायला आजूबाजूचा स्फटिकच नसतो. त्यासाठी तो पूर्ण एकक कोष्ठ हिशेबात घ्यावा लागतो.